मॅकमधली जुनी रुबी, जुना बॅश: काय करायचं?

मॅकवर प्रोग्रॅमिंग शिकताय? मग हे आधी वाचा. 👇

🔹 मॅकओएस सोनोमा आली २०२३ मध्ये, पण तिच्यासोबत मिळणारी रुबी २.६.१०. या २.६ मालिकेचा सपोर्ट २०२२ मध्येच संपला होता.

🔹 बॅश तर त्याहून जुना, ३.२ म्हणजे २००६ ची मालिका. ४.० पासून बॅशला जीपीएल ३ लायसन्स लागू झालं आणि ॲपल ३.२ वरच थांबलं. त्यामुळे ३.२ मध्ये नसलेले असोसिएटिव्ह ॲरे वापरणारी, लिनक्सवर सुरळीत चालणारी स्क्रिप्ट इथे एरर देते. २०१९ च्या कॅटालिनापासून डीफॉल्ट शेल झेडशेल आहे.

🔹 पायथन २.७ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला; मॅकओएसमधून ते गेलं थेट २०२२ मध्ये, १२.३ अपडेटला.

✅ सिस्टिमसोबत आलेली व्हर्जन्स काढू नका, बदलू नका. सुडो लावून सिस्टिमच्या रुबीत जेम (रुबीची पॅकेजेस) टाकू नका.
✅ होमब्रू, आरबीएन्व्ह किंवा पायएन्व्ह वापरून स्वतःचं नवं व्हर्जन वेगळं ठेवा.

नव्याने शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना ही पोस्ट जरूर पाठवा. चूक त्यांच्या कोडमध्ये नसून व्हर्जनमध्ये असू शकते, हे त्यांना वेळेवर कळायला हवं.