मिरजेचा तंबोरा, मंगळवेढ्याचा भोपळा

गवयाच्या मागे बसून जो तंबोरा छेडतात, त्याचे मोठे गोल पोट लाकडाचे नसते. ते भोपळ्याचे असते, आणि मिरजेला लागणारा हा भोपळा सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतात पिकतो.

मिरजेत हा धंदा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा. तो सुरू करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार घराण्यातले. इंग्रजी अंमलात हत्यारांचे काम बसले, तेव्हा पटवर्धनांच्या आश्रयाने ही मंडळी वाद्ये दुरुस्त करू लागली आणि पुढे घडवूही लागली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले. त्यांच्या कानाला पटेल असे वाद्य घडवायचे म्हणजे हात तयार व्हायलाच हवा! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराचे नाव झाले, पण भोपळा पिकवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

हा भोपळा म्हणजे आपल्या दुधीचाच कडू भाऊ. खायच्या उपयोगाचा नाही, म्हणून जनावरेही सहसा तोंड लावत नाहीत. यात सारा पैसा आकाराचा आणि सालीचा. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, बायकी आवाजाच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. फळ जमिनीला टेकले की त्या बाजूने चपटे होते, डागते, कुजते. म्हणून खाली वाळलेले पाचट घाला आणि देठाला पीळ न बसेल अशा बेताने फळ उभे ठेवा. वेलावर मोजकीच फळे राखा. वेल वाळून देठ तपकिरी होईपर्यंत तोडू नका. कोवळे फळ वाळताना सुरकुतते, ते कारागीर हातात घेणार नाही. नीट पिकलेला भोपळा तो भिजवतो, तोंड कापून आतला गर आणि बिया काढतो, कडा आत येऊ नयेत म्हणून आत काठ्यांचा आधार देतो आणि मग तुणीच्या लाकडाची दांडी बसवतो.

बियाणे घरचे राखणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. जवळपास खायचा दुधी असेल तर कीटक परागांची सरमिसळ करतात. मग भोपळ्याचा आकार बिघडतो, आणि त्या दुधीचे बी पुढच्या वर्षी लावले तर फळे कडू निघू शकतात. कडू दुधी विषारी असतो; त्याची भाजी करू नये, रस तर मुळीच पिऊ नये. बियाण्यासाठी मादी फुलाची कळी (तिच्यामागे इवलेसे फळ असते) दुपारीच कागदी पिशवीने बांधावी. नराची कळीही तशीच बांधावी. फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा नराचे फूल मादीवर टेकवून पिशवी पुन्हा बांधावी. घरच्या बायका-मुलींना हे काम सहज जमते.

मात्र गावच्या गाव या पिकामागे लागेल तर भाव पडेल. गिऱ्हाईक मोजकेच आहे, आणि आता इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी, मोबाईल घेऊन रियाज करणारेही पुष्कळ. उलट पिकवणारे हटले तर मिरजेचे हात रिकामे बसतील. माझ्या मते थोडे वेल लावावेत आणि तेही लावणीआधी मिरजेला जाऊन. कोणत्या घेराचे किती भोपळे हवेत हे कारागिराकडूनच ऐकावे, त्याच्या दुकानातला चांगला भोपळा हाताने वाजवून, त्याची साल बोटाने चाचपून पाहावी. जमल्यास बीही तिथूनच मागून आणावे. भोपळा कापला की बिया त्याच्याकडेच निघतात.