भाताच्या चुडात पाणी चढतं कसं, साखर उतरते कशी

रिहे खोऱ्यात आवणी उरकली की काही दिवस खाचरं पिवळट दिसतात. ते पाहून पुष्कळजण लगेच युरिया फेकतात. ही घाई फुकट जाते. का, ते समजायला रोपाच्या अंगात पाणी आणि अन्न कसं फिरतं हे पाहू या.

सुरुवात मुळापासून. पाणी घेतात ते मूलरोम, म्हणजे मुळावरची केसांसारखी बारीक लव. तरवा उपटताना ही लव तुटते, पानांतून पाणी उडणं मात्र चालूच राहतं. म्हणून रोप मलूल पडतं. नवी मुळं फुटायला आठवडाभर जातो. तोवर टाकलेला युरिया घ्यायला मुळंच नसतात आणि पाऊस तो बांधावरून वाहून नेतो. उपटण्याआधी वाफा पाण्याने भिजवून घ्यावा, आणि रोपं 2 ते 3 सेंटीमीटरच खोल लावावीत. खोल रोवली तर फुटवे कमी येतात.

मुळातलं पाणी पुढे जलवाहिन्यांत शिरतं. मेलेल्या पेशी एकीवर एक जोडून झालेल्या या पोकळ नळ्या. बैलाच्या अंगात हृदय रक्त ढकलतं आणि तेच रक्त फिरून हृदयाकडे येतं. हे विल्यम हार्वे यांनी 1628 साली मांडलं. झाडाला हृदय नाही. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, पाण्याची वाफ बाहेर जाते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे वरचं गेलं की खालचं ओढलं जातं. 1894 साली डिक्सन आणि जोली यांनी दिलेलं हे स्पष्टीकरण आजही मानलं जातं. घेतलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक असंच उडून जातं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर श्रावणात माळावरचा तेरडा आणा. त्याची कांडी लाल शाईच्या पाण्यात उभी करा. काही तासांत खोडात लाल रेघा चढलेल्या दिसतील. बहुतेकांचं चुकतं ते कापताना: कांडी हवेत कापली की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची ओढ तुटते. देठ पाण्याखाली धरूनच कापा.

रात्री पर्णरंध्रं मिटतात, तरी मुळं पाणी घेतच राहतात. त्या दाबाने पहाटे भाताच्या पात्याच्या टोकाला टपोरा थेंब येतो. आपण त्याला दव समजतो. पण दव सगळ्या पात्यावर बसतं. आवणीनंतर हे थेंब दिसू लागले की मुळं धरली. खताची वेळ ही.

पाण्याबरोबर सिलिकाही वर चढते आणि पात्यांत, खोडात साठून त्यांना कणखर करते. चारसूत्री भातशेतीत तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात ती याचसाठी. मला तो सल्ला फार मोलाचा वाटतो. तूस घरचंच असतं.

बैलाचं रक्त प्राणवायूही वाहून नेतं. भाताला त्यासाठी वेगळी सोय आहे: खोडातल्या पोकळ्यांतून हवा थेट मुळांपर्यंत उतरते, म्हणून चिखलातही मूळ गुदमरत नाही.

आता अन्न. पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून, म्हणजे जिवंत पेशींच्या नळ्यांतून जाते. जिथे गरज, तिकडे तिचा ओघ. आधी मुळं आणि फुटव्यांकडे, निसवल्यावर लोंबीकडे. दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक येतो, तो याच साखरेपासून झालेला.

नेमक्या या काळात तपकिरी तुडतुडे रसवाहिन्यांतला रस शोषतात. ते चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात आणि फवारणी होते शेंड्यावर. चूड बाजूला करून बुंधा पाहा, खाचरातलं पाणी काढा.

खोडकिडा तर आतून वाटच कुरतडतो. लोंबी पांढरी, पोकळ आणि ताठ राहते. ही पळींज. हलकेच ओढा, सहज हातात आली तर आत किडा आहे. तुटलेल्या नळ्या कोणत्याही औषधाने जुळत नाहीत. असे फुटवे बुंध्यापासून काढून नष्ट करा, आणि कापणीनंतर धसकटं खाचरात ठेवू नका, कारण अळी त्यांच्यातच तग धरते.