मार्जाराचा जानुसंधी आणि आपली वेदनाहर तेले

गुडघा दुखावलेले मांजर लंगडेलच असे नाही. ते उंचावर उडी मारणे सोडते. वाटी आतल्या बाजूस सरकणे अथवा सांध्यातील बंध तुटणे, ही प्रमुख कारणे. निदान पशुवैद्यकाच्या हस्तपरीक्षेने व क्ष-किरणाने होते. बंध तुटलेली बरीच मांजरे काही आठवड्यांची बंदिस्त विश्रांती व वजन घटवणे यांनी सुधारतात. काहींना शस्त्रकर्म लागते.

औषधविक्रेत्यांकडे मात्र 'मांजराला चोळायला संधिवाताचे तेल द्या' अशी मागणी येते. अनेक वेदनाहर तेलांत गंधपुरा, म्हणजेच मिथाइल सॅलिसिलेट असते. मांजर अंग चाटते, आणि त्याच्या यकृताची ग्लुकुरोनिडेशनची क्षमता क्षीण असल्याने सॅलिसिलेट शरीरात साचते. पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. असा ग्राहक आल्यास तेल न देता त्यास पशुवैद्यकाकडे पाठवावे. तेल आधीच चोळले असल्यास तत्काळ.