सही नाही, म्हणजे करार नाही?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून एक वाक्य सतत कानावर येतं: "लेखी कुठे काय दिलंय? सही केली नाही, म्हणजे करारच झाला नाही." आता हे ऐकलं की चीड येते. कारण याच भरवशावर लोक फोनवर होकार देतात, समोरच्याला काम सुरू करायला सांगतात आणि बिल आलं की हात वर करतात. इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात साध्या कराराला स्टँपपेपर तर नाहीच, बहुतेक वेळा कागदही लागत नाही.

मग लागतं काय? एकाने नेमका प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा, दोघांनी एकमेकांना काही मोबदला द्यायचा किंवा कबूल करायचा. अटी पुरेशा निश्चित हव्यात आणि व्यवहार कायद्याने बांधणारा असावा, असा हेतू हवा. हे सगळं दोन मिनिटांच्या बोलण्यात होऊ शकतं.

विश्वास बसत नसेल तर वेल्स विरुद्ध देवानी हा खटला पाहा. 2008 साली लंडनच्या हॅकनी भागातले फ्लॅट विकायचे होते. इस्टेट एजंटने फोनवर आपला दर सांगितला: दोन टक्के अधिक व्हॅट. कमिशन नेमकं कधी द्यायचं, हे कुणी बोललंच नाही. फ्लॅट विकले गेले आणि मालक म्हणाला, करार झालाच नव्हता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झाला होता. विक्री पूर्ण झाली की तिच्या पैशातून कमिशन द्यायचं, हाच त्या बोलण्याचा सरळ अर्थ होता. एजंटांवर अटी लेखी देण्याचं वेगळं कायदेशीर बंधन आहे. ते वेळेत न पाळल्यामुळे त्याचं एक तृतीयांश कमिशन कापलं गेलं, पण करार टिकला.

याचा अर्थ कागद बिनमहत्त्वाचा, असा अजिबात नाही. तो पुरावा आहे, आणि तोंडी व्यवहारात भांडण लागलं की पुराव्यावाचून हाल होतात. शिवाय काही करार लेखीच लागतात. जमीन किंवा घराच्या विक्रीला 1989 च्या कायद्याने लेखी, सहीचा करार हवा. दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहायचं तर 1677 चा 'स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स' आजही लेखी पुरावा आणि सही मागतो. पण सही म्हणजे काय? गोव्याच्या साळगावकर मायनिंगविरुद्धच्या जहाजभाड्याच्या खटल्यात 2012 साली अपील न्यायालयाने म्हटलं की ईमेलांची मालिका हे लेखन ठरू शकतं आणि ईमेलखाली ब्रोकरने टाइप केलेलं नुसतं पहिलं नाव ही सही ठरू शकते.

उलट टोकालाही लोक जातात: तोंडातून गेलेला प्रत्येक शब्द बंधनकारक! तेही खरं नाही. 2013 मध्ये लंडनच्या एका पबमध्ये उद्योगपती माइक ॲशली यांनी एका सल्लागाराला म्हटलं की आपल्या कंपनीच्या शेअरचा भाव आठ पौंडांवर नेलास तर दीड कोटी पौंड देऊ. 2017 मध्ये न्यायालयाने त्या सल्लागाराचा दावा फेटाळला. कारण लेखी नसणं हे नव्हतं. त्या बैठकीत हजर असलेल्या कुठल्याही समंजस माणसाला ते बोलणं गंभीर वाटलं नसतं, हे होतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीने दुकानदार बांधला जात नाही. प्रस्ताव गिऱ्हाईक ठेवतं, हे 1953 च्या बूट्स खटल्यापासून पक्कं आहे. "उत्तर दिलं नाहीस तर होकार समजेन" असं म्हणून कुणाला बांधता येत नाही, हे 1862 मध्येच ठरलं. मोबदला बाजारभावाचा असावा लागत नाही, एक पौंडही चालतो. मात्र निव्वळ फुकट दिलेलं वचन बंधनकारक व्हायला साक्षीदारासमोर सही केलेला 'डीड' लागतो. आणि 14 दिवसांत करार मोडण्याची मुभा मुख्यतः ऑनलाइन, फोनवर किंवा घरी येऊन केलेल्या विक्रीला आहे. दुकानात पाहून घेतलेला बिनदोष कोट केवळ मन बदललं म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नाही.