दोन आडव्या रेघांची मेट्रो

घाटकोपर, मग दोन छोट्या आडव्या रेघा, मग जागृती नगर. खालच्या ओळीत जागृती नगर, पुन्हा दोन रेघा, असल्फा. अशा अकरा ओळींत थेट वर्सोव्यापर्यंत मुंबईच्या मेट्रो-1ची बाराही स्थानके ओवून होतात. वर ‘ग्राफ’ हा शब्द लिहून सगळे महिरपी कंसात घातले, की ग्राफविझ त्याचा नकाशा काढते. नावे देवनागरीतही चालतात. ‘जागृती नगर’च्या मधे मोकळी जागा आहे, म्हणून अशा नावांना तेवढी अवतरणचिन्हे लावायची.

ग्राफविझ हे अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जन्मलेले सॉफ्टवेअर. कोण कोणाला जोडलेय एवढेच त्याला सांगायचे, कोण कुठे बसेल ते त्याचे ते ठरवते. त्यातला ‘नीटो’ हा प्रकार प्रत्येक दोन स्थानकांमध्ये स्प्रिंग कल्पितो. मधे थांबे जास्त, तितकी स्प्रिंग लांब. मग सगळ्यांचा मिळून ताण उतरेपर्यंत ठिपके सरकवत राहतो.

गोम अशी, की समुद्र कुठल्या बाजूला आहे हे नीटोच्या गावीही नसते. वर्सोवा खुशाल उजवीकडे येते. लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही! पण सीप्झ या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीला राउटर, फायरवॉल आणि सर्व्हर यांचे जाळे दाखवायचे असते. सर्व्हरला कुठली आलीय पूर्व-पश्चिम?

तिथे दुखणे वेगळेच असते. जाळे बदलते आणि माऊसने काढलेले चित्र जुनेच राहते. मेट्रोचेही तसेच. जानेवारी 2023मध्ये मेट्रो-7चे गुंदवली स्थानक मेट्रो-1च्या पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाला पुलाने जोडले गेले. ऑक्टोबर 2024मध्ये मरोळ नाक्याला मेट्रो-3 येऊन मिळाली. हाताने काढलेल्या नकाशात यासाठी निम्मी स्थानके सरकवावी लागतील. मजकुरात नव्या ओळी घातल्या, की झाले. शिवाय फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये नेमकी कुठली ओळ, कोणी, कधी घातली ते दिसते. चित्राची फाइल असेल, तर ती कोणी, कधी बदलली एवढेच कळते, आत काय बदलले ते नाही. 2014मध्ये आलेले ‘मर्मेड’ हेच काम दस्तऐवजाच्या पानातच करते, आणि फेब्रुवारी 2022पासून गिटहबही ते थेट चित्ररूपात दाखवते.

वर्सोवा डावीकडेच हवे, असा हट्ट असेल तर त्याचीही सोय आहे. वर्सोवा आणि घाटकोपर यांच्या जागा आकड्यांत लिहून प्रत्येकीपुढे उद्गारचिन्ह द्यायचे. मग नीटो त्या दोघांना हात लावत नाही.