नाखव्याला घाट लागला

वरळी कोळीवाड्यातले एक नाखवा गेली काही वर्षं मधुमेहासाठी आमच्या ओपीडीत येतात. यंदा पावसाळी बंदीत, म्हणजे 1 जून ते 31 जुलै या काळात, बोट किनाऱ्याला लागल्यावर घरच्यांनी शनिवार-रविवार महाबळेश्वरचा बेत केला. परत आले ते ओशाळूनच. “डॉक्टर, उभा जन्म दर्यात गेला, बोट कधी लागली नाय. आणि पसरणीच्या घाटात गाडी लागली!”

यात लाजण्यासारखं काहीच नाही. शरीराची हालचाल आतल्या कानाला कळते आणि डोळ्यांनाही दिसते. दोघांच्या बातम्या जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो, मळमळ सुरू होते. बोटीच्या हेलकाव्यांना नाखव्यांचा मेंदू सरावलेला आहे, पण तो सराव बोटीपुरताच. शिवाय बोटीवर सुकाणू त्यांच्या हातात असतं, समोर क्षितिज असतं. इथे ते मागच्या सीटवर कोपऱ्यात, पुढचं वळण दिसेना. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, ती याचमुळे. मोबाइलवर डोळे लावून बसलेल्या नातवालाही घाटात उलटी झाली. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो.

उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. तिने झोप येते, म्हणून चालकाने घेऊ नये आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

पण नाखव्यांची गोष्ट एवढ्यावर संपली नाही.

पहाटे चारला निघताना त्यांनी कोऱ्या चहाबरोबर मधुमेहाची गोळी घेतली. ती ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढणारी. घाटात उलटी नको म्हणून नाश्ता टाळला. पसरणीच्या चढावर घाम सुटला, हात थरथरू लागले, उलटी झाली. गाडी लागली म्हणून मुलाने उलटीची गोळी दिली आणि ते डोळे मिटून पडले. सगळ्यांना बरंच वाटलं. पाचगणी आली तेव्हा सुनेने हाक मारली, तर ते असंबद्ध बोलू लागले. तिला ते खटकलं आणि तिने गाडी थेट दवाखान्यात न्यायला लावली. रक्तातली साखर निघाली 42. सत्तरच्या खाली गेली की ती कमी समजतात. तासभर आणखी झोपू दिलं असतं, तर काय झालं असतं हे सांगायला नको.

कोणी म्हणालं, उंचीवरच्या विरळ हवेचा परिणाम. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवर आहे. उंचीचा आजार साधारण अडीच हजार मीटरच्या वर दिसतो. चढताना कानात दडे बसतात एवढंच, आणि उतरताना सर्दी झालेल्या मुलाचे कान दुखतात. थंडी मात्र खरी असते. हवा दर हजार मीटरला सहा-एक अंशांनी गार होते, त्यामुळे दम्याच्या रुग्णाने पंप बॅगेच्या तळाशी ठेवू नये.

गाडी लागणं आणि साखर उतरणं, दोन्हींत घाम, मळमळ, गरगरणं असतं. थरथर, कडकडून भूक, बोलण्यात गोंधळ ही साखरेची खूण. शंका आली तर ग्लुकोमीटर लावा. तो नसेल तर वाट बघू नका, माणूस शुद्धीत असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो. सरळ दवाखाना गाठा. या गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो, साखर वर येऊन पुन्हा घसरते. म्हणूनच नाखव्यांना तिथे रात्रभर ठेवून घेतलं. हौसेने ठरवलेलं वेण्णा तलावावरचं नौकाविहार राहिलं, याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं.

घाटाच्या दिवशी गोळी टाळायची की कमी करायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. माझी नाखव्यांना सूचना होती: खाल्ल्याशिवाय ती गोळी नाही, आणि खिशात ग्लुकोजची पुडी. मेटफॉर्मिन एकटंच चालू असेल तर साखर सहसा अशी उतरत नाही.

बोटीवर पहिल्यांदा आलेल्या पोराला मळमळलं तर तुम्ही काय करता, असं मी त्यांना विचारलं. “त्याला बाहेर बसवतो आन् सांगतो, लांब किनाऱ्याकडं बघ.” पुढच्या खेपेला ते चालकाशेजारी बसणार आहेत. नातवाचा मोबाइल तेव्हा सुनेच्या पर्समध्ये असेल.