सारनाथ

सारनाथ हे उत्तर प्रदेशातील वाराणसी शहराच्या ईशान्येस सुमारे १० किलोमीटर अंतरावर असलेले प्राचीन बौद्ध तीर्थक्षेत्र आहे. पाली साहित्यात त्याचा उल्लेख इसिपतन मिगदाय असा येतो. बोधगया येथे ज्ञानप्राप्ती झाल्यावर गौतम बुद्धांनी आषाढ पौर्णिमेस आपल्या पाच जुन्या सहकाऱ्यांना येथे पहिला उपदेश केला. हा प्रसंग धम्मचक्रप्रवर्तन म्हणून ओळखला जातो.

इतिहास

सम्राट अशोकाने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात येथे स्तंभ उभारला. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे, अशी आज्ञा त्यावर कोरलेली आहे. गुप्तकाळात सारनाथ हे शिल्पकलेचे मोठे केंद्र होते. सातव्या शतकात ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने येथे सुमारे १,५०० भिक्खू असल्याचे नोंदवले. बाराव्या शतकात गाहडवाल राजा गोविंदचंद्र याची राणी कुमारदेवी हिने येथे विहार बांधला. त्या शतकाच्या अखेरीस झालेल्या आक्रमणांनंतर हे स्थळ ओस पडले.

नासधूस आणि उत्खनन

अवशेषांची मोठी हानी मात्र पुढे बांधकाम साहित्याच्या शोधात झाली. १७९४ मध्ये जगत सिंह यांच्या मजुरांनी बनारसमधील जगतगंज वसाहतीसाठी विटा मिळवताना धर्मराजिका स्तूप पाडला. आत दगडी पेटीत एक अस्थिकरंडक सापडला आणि त्यातील अस्थी गंगेत विसर्जित करण्यात आल्या. हिंदू रीतीनुसार हा अस्थींचा सन्मानच होता. बौद्ध परंपरेत मात्र अस्थी जतन करून पूजल्या जातात. त्या अस्थी कोणाच्या होत्या, हे आता पडताळता येत नाही. स्तूपाचा केवळ वर्तुळाकार पाया उरला आहे. जोनाथन डंकन यांनी या घटनेची नोंद प्रसिद्ध केल्यामुळेच विद्वानांचे लक्ष सारनाथकडे वेधले गेले.

१८३५-३६ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी धमेख स्तूपाचे उत्खनन केले. त्यांनी गोळा करून मागे ठेवलेल्या ४० हून अधिक मूर्ती पुढे वरुणा नदीवरील पुलाखाली, पात्राची धूप थांबवण्यासाठी टाकण्यात आल्या.

१९०४-०५ च्या उत्खननात फ्रेडरिक ओर्टेल यांना अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष मिळाले. त्यावरून घेतलेले राजचिन्ह भारताने २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले. मूळ शीर्ष सारनाथच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

आधुनिक काळ

अनागारिक धर्मपाल यांच्या प्रयत्नांतून उभारलेला मूलगंधकुटी विहार १९३१ मध्ये खुला झाला. त्यात तक्षशिला येथे सापडलेले अस्थिअवशेष ठेवलेले असून भिंतींवर कोसेत्सू नोसू या जपानी चित्रकाराने बुद्धचरित्र रंगवले आहे.